तबला घेऊन मेंदूच्या प्रयोगशाळेत

मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांबरोबर काम करायचं असेल, तर प्रश्न ठरत असतानाच कलाकाराने तिथे असायला हवं. प्रयोग आखून झाल्यावर गेलं की आपण फक्त आवाज पुरवणारे उरतो. मी दोन्ही प्रकार अनुभवले आहेत. मी तबला वाजवते आणि शिकवते, पुण्यात राहते. विज्ञानाशी संबंध बारावीनंतर सुटला होता, तो या कामामुळे पुन्हा जुळला.

पहिला अनुभव थोडक्यात सांगते. एका कला-विज्ञान महोत्सवात नर्तकीच्या डोक्याला सेन्सरचा पट्टा बांधून तिच्या मेंदूतल्या लहरी मागच्या पडद्यावर रंगांतून दाखवणार होते, आणि मी साथीला होते. रंग सुरेख दिसले, टाळ्याही पडल्या. पण कुठल्या लहरीने कुठला रंग बदलतो, तिचं पाऊल आपटलं की पट्टाही हलतो त्याचं काय, असं मी विचारलं तेव्हा नीट उत्तर मिळालं नाही. आम्हा दोघींना सूचना एकच होती, पंधरा मिनिटांत संपवा. त्या नोंदींचं पुढे काय झालं, हे मेल पाठवूनही कळलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं. इतकी मेहनत घेतलेली नर्तकी आणि इतकी महागडी यंत्रं, पण दोघांनी एकमेकांना एकही खरा प्रश्न विचारला नव्हता.

खरं तर वाद्य आणि विज्ञान यांच्या भेटीची आपल्याकडची परंपरा फार चांगली आहे. 1920 साली चंद्रशेखर वेंकट रामन आणि शिवकाली कुमार यांनी 'नेचर'मध्ये एक छोटा लेख लिहिला. ताणलेल्या साध्या कातड्याचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर उमटणारे वरचे स्वर, मूळ स्वराशी सरळ पटीत बसत नाहीत, त्यामुळे ढोलाचा आवाज नुसता दणदणतो. तबला आणि मृदंगाचे मात्र बसतात, म्हणून त्यातून सूर निघतो. याचं श्रेय पुडीवर, म्हणजे तबल्याच्या कातड्यावर, थर देऊन चढवलेल्या शाईच्या, त्या काळ्या गोलाच्या, वजनाला आहे, हे त्यांनी दाखवलं. 1934 मध्ये रामन यांनी हे काम आणखी विस्ताराने मांडलं. आमच्या कारागिरांनी कानाने जे साधलं होतं, ते का साधतं हे विचारायला एक भौतिकशास्त्रज्ञ पुडीजवळ येऊन बसला, याचं मला फार अप्रूप आहे.

मेंदूच्या लहरी आणि तालवाद्यं यांची गाठही जुनी आहे. 1965 साली अमेरिकेत अल्विन ल्यूसिए हे संगीतकार स्वतःच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून, डोळे मिटून श्रोत्यांसमोर बसले. एडमंड ड्यूअन या भौतिकशास्त्रज्ञाने त्यांना साधनं दिली होती. डोळे मिटून माणूस निवांत झाला की डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला 8 ते 13 आवर्तनांची अल्फा लय उमटते. ती प्रचंड वाढवून स्पीकरमध्ये सोडली आणि स्पीकरच्या थरथरीने आजूबाजूची तालवाद्यं वाजू लागली. हात न लावता. हे मी प्रथम वाचलं तेव्हा किती तरी वेळ तोच विचार डोक्यात होता.

आता मुख्य अनुभवाकडे येते. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मेंदूविज्ञान शिकवणारे प्राध्यापक आहेत. सवाईला दरवर्षी मांडवात दिसणारे, ताल समजणारे. त्यांना अभ्यास करायचा होता तो समेआधीच्या, म्हणजे तालाचं आवर्तन फिरून पहिल्या मात्रेवर येण्याआधीच्या क्षणांचा. मैफलीत सम यायच्या आधीच माना डोलायला लागतात, हात वर जातात. म्हणजे सम येतेय हे मेंदूला आधी कळलेलं असतं. ते कधी कळतं आणि कशावरून? प्रश्न ऐकूनच मी त्यात गुंतले. मागणी मात्र छोटी होती. "ताई, धा, धिं, तिं आणि ता, एवढे चार बोल स्वच्छ रेकॉर्ड करून द्या. बाकी आम्ही कॉम्प्युटरवर जोडून घेऊ."

मी म्हटलं, "सर, आधी येऊन बघते, मग देते."

प्रयोगशाळेत त्यांनी पहिल्यांदा मला ईईजी समजावून सांगितला. 1924 साली जर्मनीतल्या येना गावात हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतली विद्युत हालचाल डोक्यावरून पहिल्यांदा नोंदवली, तीच पद्धत आज खूप सुधारून वापरतात. कवटीबाहेर जे पोचतं ते मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दशलक्षाव्या भागांत मोजायचं. त्यातही मेंदूची आपली आपण चाललेली गजबज काही दहा मायक्रोव्होल्टची, आणि एका बोलाला मिळणारा प्रतिसाद जेमतेम काही मायक्रोव्होल्टचा. एकदाच वाजवून तो दिसत नाही. म्हणून तोच आवाज पुन्हा पुन्हा ऐकवायचा आणि सगळ्या नोंदींची सरासरी काढायची. शंभर वेळा ऐकवलं की गजबज साधारण दहाव्या भागावर येते आणि प्रतिसाद वर उठून दिसतो. म्हणून त्यांना प्रत्येक वेळी हुबेहूब तोच धिं हवा होता.

त्यांची अडचण मला पटली. पण कॉम्प्युटरवर जोडलेला सोळा मात्रांच्या त्रितालाचा नमुना ऐकला आणि माझीही अडचण मी मांडली. बायाँचा, म्हणजे डाव्या हाताच्या डग्ग्याचा, धिं वाजला की त्याची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, पुढच्या मात्रेपर्यंत जाते, मनगटाच्या दाबाने ती किंचित वर सरकते आणि पुढचा बोल तिच्या अंगावर येऊन बसतो. चार नमुने कापून जोडले की प्रत्येक धिं जिथे कापला तिथेच संपतो. दुसऱ्या मात्रेचा धिं आणि चौदाव्या मात्रेचा धिं यांत वजनाचा जो फरक वाजवणारा आपोआप करतो, तोही जातो. आणि ऐकणाऱ्याला सम येतेय हे ज्या गोष्टींतून कळतं, त्यातल्या बऱ्याचशा नेमक्या याच आहेत. म्हणजे ज्याचा शोध घ्यायचा, तेच आपण प्रयोगातून काढून टाकत होतो.

हे नुसतं सांगून भागलं नसतं. तबला बरोबर नेला होता. तिथेच बसून त्याच लयीत सलग ठेका धरला आणि मग त्यांचा नमुना लावायला सांगितला. पीएच.डी. करणारा एक मुलगा, मूळचा तमिळ, लहानपणी मृदंगम शिकलेला. तो पटकन म्हणाला, "सर, कॉम्प्युटरवाल्यात कोणी कुठे चाललेलंच नाही." सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ठीक आहे. पूर्ण आवर्तनंच रेकॉर्ड करू. पण मग प्रत्येक बोल नेमका कधी सुरू झाला, हे आपल्याला हजारांश सेकंदापर्यंत माहीत असायला हवं."

या वाक्यापासून आमचं खरं काम सुरू झालं असं मी मानते. माझ्या एका कानात मेट्रोनोम, आणि मी सलग वाजवायचं. माणूस वाजवतोय म्हणजे बोल काही हजारांश सेकंद मागेपुढे होणारच. ते सरळ करायचे नाहीत, तर तसेच ठेवून मोजायचे, असं ठरलं. त्या मुलाने ध्वनीचा आलेख मोठा करून प्रत्येक बोलाची सुरुवात शोधली आणि तिथे खूण केली. श्रोत्याला ऐकवताना तीच खूण ईईजीच्या नोंदीत जाते. शिवाय कॉम्प्युटरमधून आवाज बाहेर पडायला जो थोडा उशीर होतो तो पकडण्यासाठी आवाजाची एक वायर थेट ईईजीच्या यंत्रालाही जोडली. इतकी काळजी घेणारी माणसं मी संगीतातही कमी पाहिली आहेत.

रेकॉर्डिंगची खोली एसीची होती, आणि कोरड्या हवेत पुडी चढते. दर थोड्या वेळाने हातोडी घेऊन गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीवर, ठोकत सूर खाली आणावा लागे. सूर बदलला तर मेंदू त्या बदलालाही प्रतिसाद देणार, त्यामुळे एका सत्रातले नमुने दुसऱ्या सत्रातल्यांशी जुळेनात. शेवटी एसी बंद करून, दार लावून, घामाघूम होत वाजवलं. ज्या कलाकारांना असं काम करायचं असेल त्यांनी खोलीची हवा आधी विचारून घ्यावी.

श्रोत्यांवर प्रयोग करण्याआधी मी म्हटलं, टोपी आधी माझ्या डोक्यावर चढवा. कोणाला काय सोसायला लावतोय हे मला माहीत असायला हवं होतं.

आदल्या रात्री केस धुवायचे, तेल अजिबात नाही, ही पहिली सूचना. तेलकट टाळूवर जेल नीट चिकटत नाही. मग नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत टेपने मोजून टाळूचा मध्य काढतात. तिथून ठरलेल्या टक्केवारीने बाकी जागा निघतात, जगभरच्या प्रयोगशाळा हीच मोजणी वापरतात. 32 इलेक्ट्रोडची घट्ट टोपी. प्रत्येक भोकातून बोथट सुईने केस बाजूला सारायचे, गार जेल भरायचं, आणि पडद्यावरचा ठिपका लालचा हिरवा होईपर्यंत तिथे हलकेच घोळवत राहायचं. लांब केस असल्याने माझ्या बाबतीत हे बराच वेळ चाललं. दोन इलेक्ट्रोड कानांमागे, आणखी दोन डोळ्यांजवळ.

पडद्यावर स्वतःच्या 32 रेषा धावताना पाहणं विलक्षण होतं. पापणी लवली की पुढच्या रेषा मोठ्या उडीने वर जात. डोळ्यांची हालचाल मेंदूच्या प्रतिसादाच्या किती तरी पट मोठी विद्युत खूण सोडते, ती नंतर गणिताने वेगळी करून काढतात. दात आवळले की सगळ्या रेषा काळ्या दाट पट्ट्यासारख्या झाल्या. डोळे मिटले, काही क्षण गेले, आणि मागच्या रेषांवर एकसारखी, गोलाकार, डौलदार लय उतरली. ल्यूसिए यांनी ज्यावर वाद्यं वाजवली तीच ती अल्फा.

मग ठेका लावला आणि मला स्थिर बसून ऐकायला सांगितलं. थोड्याच वेळात त्या मुलाने थांबवलं. "ताई, तुम्ही बोलताय का?" मी तोंड उघडलंही नव्हतं. पण पुढच्या भागातल्या रेषा सावकाश लाटांसारख्या खालीवर होत होत्या, आणि त्यांची चाल ठेक्याशी जुळत होती. सर माझ्या शेजारी येऊन बसले. "मनात पढंत चाललीय?" अर्थातच चालली होती. तबला शिकलेला माणूस ठेका ऐकेल आणि आतल्या आत बोल म्हणणार नाही, हे होतच नाही. तोंड मिटलेलं असलं तरी जीभ टाळ्याकडे सरकते, मागे जाते. जिभेचं टोक आणि मूळ यांच्यात विद्युतदाबाचा फरक असतो, त्यामुळे ती हलली की डोक्यापर्यंत त्याची खूण पोचते. ईईजी वाचणाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक असते आणि ते ती खराबी म्हणून बाजूला काढतात.

"जीभ हलवू नका" अशी सूचना श्रोत्यांना द्यायची, असं ठरू लागलं. त्यापाठोपाठ "हातानेही ताल धरायचा नाही". टाळी दिली की डोकं हलतं, वायरी हलतात, नोंद बिघडते. यावर मी अडून बसले. आपल्याकडे जाणता श्रोता ताल हाताने धरतो, पेरांवर मोजतो, मांडीवर थाप देतो. समेची वाट तो अंगाने पाहत असतो. त्याला पुतळ्यासारखं बसवून जे मोजाल ते कदाचित फार स्वच्छ असेल, पण ते आमच्या ऐकण्याचं मोजमाप नसेल. सरांचं म्हणणंही तितकंच खरं होतं. हात हलवायला परवानगी दिली आणि रेषा वर गेली, तर ती सम ओळखल्यामुळे गेली की मनगट हललं म्हणून, हे कसं सांगणार? त्यावर छापायला पाठवलेला लेख पहिल्याच परीक्षकाकडून परत येईल.

बरीच वादावादी झाली. संशोधन कसं होतं हे मला तिथे कळलं. वाद सुटला तो त्या मुलाच्या एका सूचनेने. हलणं बंद करण्याऐवजी तेही मोजूया, तो म्हणाला. हनुवटीखाली दोन इलेक्ट्रोड लावले की जिभेच्या आणि जबड्याच्या स्नायूंची नोंद मिळते. अंगठ्यावर हालचाल मोजणारा छोटा सेन्सर चिकटवला की पेरांवरची मोजणी दिसते. टाळी नाही, थाप नाही, पण मांडीवर हात ठेवून अंगठ्याने पेरं मोजायला मोकळीक. एका भागात श्रोता स्थिर बसेल, दुसऱ्यात पेरांवर ताल धरेल, तिसऱ्यात मनात पढंत करेल, आणि तिन्हींची तुलना होईल. जे खराबी म्हणून टाकलं जाणार होतं, तेच आता प्रयोगाचा एक भाग झालं.

त्या सुमारास सरांनी मला चार्ल्स लिम्ब आणि ॲलन ब्रॉन यांचं 2008 चं काम वाचायला दिलं. जॅझ पियानो वाजवणाऱ्या सहा कलाकारांना त्यांनी एमआरआय यंत्रात आडवं झोपवून वाजवायला लावलं होतं. चुंबक खेचणार नाही असा छोटा कीबोर्ड त्यासाठी बनवून घेतला. पाठ केलेली धून वाजवताना आणि उत्स्फूर्त वाजवताना मेंदूत काय फरक पडतो, हा प्रश्न होता. उत्स्फूर्त वादनात स्वतःवर नजर ठेवण्याशी जोडलेला कपाळामागचा बाजूचा भाग शांत झालेला आणि मधला भाग जास्त सक्रिय झालेला दिसला. लिम्ब हे कानाचे शल्यविशारद आणि स्वतः सॅक्सोफोन वाजवणारे. मला वाटतं, पाठ आणि उपज यांतला फरक ज्याने स्वतः अनुभवला आहे, त्यालाच असा प्रश्न सुचतो. तबल्यावर हे करता येईल का, असं मी लगेच विचारलं. यंत्राच्या नळीत तबला मावत नाही, बायाँ धातूचा, आणि मुख्य म्हणजे खांद्यापासून हात चालला की डोकं हलतं. त्यामुळे आम्ही ऐकण्यावरच थांबलो.

आता या सगळ्या कामात मला सगळ्यात जास्त आनंद ज्या गोष्टीने दिला ती सांगते. आधीच्या आराखड्यात सगळं लक्ष समेवर होतं. खालीचा, म्हणजे टाळीऐवजी हात रिकामा जातो त्या मात्रेचा, विचार नव्हता. मी कागदावर ठेका लिहून दिला.

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

हाताने ताल धरताना पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्यावर खाली. आता बोल बघा. नवव्या मात्रेवर हात रिकामा जातो, पण तिथे वाजतो धा, बायाँ भरलेला. बायाँची आस बंद होते ती दहाव्या मात्रेला, तिं आला की. आणि तेराव्या मात्रेला हाताने टाळी पडते तेव्हा बायाँ अजून परतलेलाच नसतो, तिथे ता आहे. तो परततो चौदाव्या मात्रेच्या धिंला. म्हणजे हाताची खाली नऊ ते बारा आणि कानाची खाली दहा ते तेरा. काही जण नवव्याला 'ना' हा बोल वाजवतात, पण आम्हाला शिकवलेला आणि सर्वत्र ऐकू येणारा ठेका हाच आहे.

मी हे बोटाने दाखवलं तेव्हा सर खुर्चीतून उठून फळ्यापाशी गेले. ताल न जाणणाऱ्याकडे फक्त कान आहे, त्याच्यासाठी बदल दहाव्या मात्रेला होतो. ताल जाणणाऱ्याच्या मनात नवव्या मात्रेलाच पान उलटलेलं असतं, आवाजात काहीही बदललेलं नसताना. मग दोघांच्या मेंदूतल्या नोंदी नवव्या मात्रेपाशी वेगळ्या दिसायला हव्यात. आणि चौदाव्या मात्रेला धिंच्या जागी मुद्दाम तिं वाजवला, बायाँ परत आलाच नाही, तर? जाणत्याला तो जिन्याची शेवटची पायरी नसल्यासारखा धक्का आहे. दुसऱ्यासाठी आणखी एक तिं. अनपेक्षित आवाज आला की साधारण 100 ते 250 हजारांश सेकंदांत मेंदूत एक ठरावीक उतार उमटतो. फिनलंडच्या रिस्टो नॅटानेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 साली तो दाखवून दिला, आणि लक्ष दुसरीकडे असतानाही तो उमटतो. समेकडून सुरू झालेला प्रयोग त्या संध्याकाळी नवव्या आणि चौदाव्या मात्रेवर गेला. चार बोलांचे नमुने मेलवर पाठवून दिले असते, तर हे घडलं नसतं.

बिघडवलेला ठेका वाजवणं मात्र अवघड गेलं. चौदाव्याला तिं वाजवायचा आणि पुढे काहीच झालं नाही असं चालू ठेवायचं. इतकी वर्षं हाताला जे वळण लावलं त्याच्या विरुद्ध जायचं, तेही आवाजात किंचितही संकोच न आणता. तो संकोच ऐकू आला तर श्रोता आधीच सावध होणार.

श्रोते कोण, हा प्रश्न माझ्या मते सगळ्यात नाजूक होता. सर्वांना वाटलं, ताईंचे विद्यार्थी आहेतच. संस्थेच्या नैतिकता समितीने तिथे बोट ठेवलं आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. गुरूने सांगितलं की शिष्य नाही म्हणत नाही. संमतीपत्रावर सही असेल, पण ती संमती खरी कशी? त्यामुळे माझे विद्यार्थी घ्यायचे नाहीत, दुसऱ्या क्लासमधले आणि ज्यांचा तालाशी संबंध नाही असे श्रोते घ्यायचे, आणि प्रयोग चालू असताना मी त्या खोलीत थांबायचं नाही, असं ठरलं. संमतीपत्राचं मराठीही आम्ही बसून पुन्हा लिहिलं. आधीचं इतकं बोजड होतं की माझ्या आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "ऑपरेशन आहे का?" आता त्यात साध्या शब्दांत लिहिलं आहे की टोपीतून वीज सोडत नाहीत, फक्त मोजतात, कंटाळा आला तर कारण न सांगता उठून जाता येतं, आणि जेल निघायला केस दोनदा धुवावे लागतात.

एका बाबतीत मात्र यंत्रापुढे आम्हाला थांबावं लागलं. मला विलंबित एकताल घ्यायचा होता. ख्यालाची खरी वाट पाहणं तिथे असतं. सरांनी हिशेब करून दाखवला. मध्यलयीत मिनिटाला 120 मात्रा धरल्या तर सेकंदाला दोन मात्रा, आणि त्रितालाचं आवर्तन आठ सेकंदांचं. अतिविलंबित एकतालात एक मात्रा पाच सेकंदांची धरली तर बारा मात्रांना पूर्ण एक मिनिट. ईईजीमध्ये घाम, जेल वाळणं, टोपी सरकणं यांमुळे रेषा सावकाश वाहत जातात, म्हणून सेकंदाला 0.1 आवर्तनाहून मंद असलेलं सगळं सहसा गाळून टाकतात. मिनिटाला एकदा येणारी सम त्या गाळणीतून सरळ खाली जाते. 2011 मध्ये सिल्वी नोझारादान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, एकसारख्या ठोक्यांवर श्रोत्याने मनात दोनाचा किंवा तीनाचा गट कल्पिला तर त्या गटाची लय ईईजीत उमटते, हे सुंदर रीतीने दाखवलं आहे. पण तिथे ठोके सेकंदाला 2.4 होते. आमची मोठ्या ख्यालाची लय या मोजमापाच्या पलीकडे आहे, याचं दुःखही झालं आणि अभिमानही वाटला.

नोंदी घेणं सध्या चालू आहे. काय दिसतंय हे मी इथे लिहिणार नाही, कारण थोड्या नोंदींवरून बोलणं हा त्या मुलाच्या मेहनतीवर अन्याय होईल. पण ज्यांना अशा कामाची विचारणा येते त्या वादकांना, गायकांना, चित्रकारांना काही गोष्टी आवर्जून सांगते. मानधन सुरुवातीलाच बोला, प्रकल्पाच्या खर्चात त्याची तरतूद करून घ्या. प्रयोग आखण्यात तुमचा वाटा असेल तर लेखावर सहलेखक म्हणून नाव मागा, आभाराच्या ओळीवर समाधान मानू नका. तुमचं रेकॉर्डिंग या प्रयोगाबाहेर कुठे वापरलं जाईल, कोणाला दिलं जाईल, कॉम्प्युटरला वादन शिकवायला जाईल का, हे लेखी घ्या. आमच्याकडे हे सगळं पहिल्याच महिन्यात कागदावर आलं आणि नंतर कुठेही कटुता आली नाही. उलट बाजूनेही काही देणं लागतं. सरासरी म्हणजे काय, गाळणी कशासाठी, परीक्षक कशाला अडतो, हे समजून घेण्याइतका वेळ काढा. ते समजलं की नाही म्हणायची जागा कुठली आणि हो म्हणायची कुठली, हे नेमकं ठरवता येतं.

पुढच्या टप्प्यात विलंबिताचाच प्रयत्न आहे, ईईजी बाजूला ठेवून. श्वास, हृदयाचे ठोके आणि अंगठ्याची हालचाल इतकंच मोजायचं, तीन-चार आवर्तनं सलग. त्यासाठी एका गायिकेला विचारलं आहे. तिने होकार द्यायच्या आधी प्रयोगशाळा बघायला येते म्हटलंय, आणि सरांनी तिच्यासाठी फळा पुसून ठेवला आहे.